दादाचं हँडल आणि राहिलेले एकशे अठ्ठ्याऐंशी

ती. वहिनींस,

सादर नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत, माझी मान सोडून. तुमचा गुडघा कसा आहे? लेकीकडे आहात, तेव्हा शिवणयंत्र पायानं चालवत नसाल असं धरून चालतो. (चालवतच असाल.) दादाला जाऊन चार महिने झाले. त्याबद्दल मला लिहिता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून सायकलीबद्दल लिहितो.

त्याची रेसची सायकल तुम्ही माझ्याकडे पाठवलीत आणि सोबत चिठ्ठी, "भाऊजी, चालवा. नुसती पुसून ठेवू नका." दोन महिने मी ती पुसून ठेवली, मग चालवायला काढली. दादा सहा फूट, मी पाच फूट चार इंच. सीट खाली घेता आली, पण हँडल त्याच्या हातांच्या बेतानं, खाली आणि लांब. ते धरलं की मला रस्ता दिसत नाही, पुढचं चाक दिसतं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला. शेजारपाजारची माणसं आता मी चपलांवरून ओळखतो. तुमच्या जाऊबाईंनी तर गॅलरीतून ओरडून विचारलं, "अहो, सायकल चालवताय की रस्त्याला नमस्कार घालताय?" हँडल वर घ्यायला दोन मिनिटं लागतात, हे मलाही कळतं. पण त्या नटावर दादानं तुमच्या लाल नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवलीय, कुणी हलवलं तर कळावं म्हणून. मी वजनमापं तपासणारा माणूस. लावलेलं सील तोडू नका, हे सव्वीस वर्षं दुकानदारांना बजावत आलो. तेव्हा सील तसंच ठेवलं आणि मानेला पट्टा आणला.

आता कॉम्प्युटर. हँडलवरच्या काडेपेटीएवढ्या डबीला असं म्हणतात, हेही मला आत्ता कळलं. सायकल आली तेव्हा तिच्यात एकूण किलोमीटर ९,८१२ होते. दहा हजार पुरे करायचेच हे दादाचं टुमणं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकलंय. शेवटच्या आठवड्यात मी उशाशी बसलो होतो, तेव्हाही डोळे मिटून म्हणाला, "एकशे अठ्ठ्याऐंशी राहिले रे." (नर्सला वाटलं, रक्तदाब सांगतोय. तिनं लगेच मोजला.) मी त्याची चादर सारखी केली. माझं नेहमीचंच. पण ते एकशे अठ्ठ्याऐंशी आपण पुरे करायचे, असं ठरवून टाकलं.

तर पहिल्याच रविवारी कालव्याच्या रस्त्यानं दगड मोजत बरोबर दहा किलोमीटर गेलो आणि डबीनं दाखवले नऊ पूर्णांक सदुसष्ट शतांश. तीन टक्क्यांची चूक! एवढ्यासाठी मी लोकांचे काटे जप्त केलेत. मुकाट्यानं सायकलच्या दुकानात गेलो. तिथल्या मालकाला सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांनी जुन्या डबीकडे एक नजर टाकली आणि काउंटरवर पाच नवे कॉम्प्युटर मांडले. एकात नकाशा, एकात हृदयाचे ठोके, एक आपण कुठे आहोत ते परस्पर बायकोला कळवतो (तो मी हातही न लावता परत केला). ठोकेवाला चालवून पाहिला. त्यानं चढावर दोनदा शिट्टी मारली आणि तुमची विश्रांती अपुरी आहे असं लिहून दाखवलं. ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "मास्तर, मला फक्त अंतर पाहिजे. खरं अंतर." ते म्हणाले, "काका, नुसतं अंतर आता कुणी मागत नाही हो." एवढ्यात माझ्या मानेचा पट्टा पाहून त्यांनी पाना लावून हँडलचा नट फिरवलाही होता. लाल रेघेचे दोन तुकडे झाले. मी ओरडलो. वहिनी, मी ओरडलो. दुकानातली तीनही गिऱ्हाइकं बाहेर गेली.

मास्तर घाबरले असावेत, कारण त्यानंतर त्यांनी नवं काही विकायचा प्रयत्न सोडून जुनी डबी उघडून नीट पाहिली. म्हणाले, "डबी ठणठणीत आहे. पण ती चाकाचे फेरे मोजून घेरानं गुणते, आणि तिच्यात घेर दोनशे तीन सेंटीमीटर टाकलाय. हा घेर दोनशे दहा असतो. गाडीतून येताना बटण दाबलं गेलं असेल." घरी येऊन ऑफिसच्या स्टीलच्या टेपनं मोजला. दोनशे दहा.

बटणाचं मात्र मला पटेना. हा घेर दादानं मोजला तेव्हा मी सीट धरून उभा होतो. अंगणात खडूची खूण करून त्यानं चाक एक फेरा फिरवलं आणि तुमच्या शिवणकामाची कापडी टेप लावली. मी म्हटलं होतं, थांब, ऑफिसची टेप आणतो. तर म्हणाला, "अरे, चाक मोजायचंय, खटला नाही भरायचा!"

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमचा,
भाऊजी

ता. क. हँडल मास्तरांनी दोन बोटं वर घेतलं. खाली करायला लावणार होतो, नाही लावलं. आता रस्ता दिसतो. तुम्हाला वाईट वाटणार असेल तर तसं कळवा, पट्टा अजून टाकलेला नाही.

ता. क. २. पत्र खरं म्हणजे याच्यासाठी. ती कापडी टेप मला पाठवा. जुनी कापडी टेप ओढून ओढून लांबते आणि कमी माप दाखवते. (तुम्ही मला शिवलेला शर्ट आठवतो? मापं मी स्टीलच्या टेपनं घेऊन दिली होती, तरी ढगळ झाला. तुम्ही म्हणालात, भाऊजी, तुम्ही वाळलात.) दीडशे सेंटीमीटरची ती टेप पाच सेंटीमीटर लांबलेली निघाली, तर दोनशे तीन हा आकडा पहिल्या दिवसापासूनचा ठरतो, आणि मग दादाचे ९,८१२ हे खरे १०,१५० होतात. म्हणजे काही राहिलेलं नव्हतं. मी तीनदा हिशेब केला.

ता. क. ३. टेप टाकून दिली असेल तर तसं कळवू नका. घरातली कुठलीही जुनी टेप पाठवा आणि हीच ती, असं लिहा. मी तपासणार नाही.