मुख्य दाराचा पितळी स्टॉपर

मी, कमळाकर हिरू घरत, वय चौऱ्याहत्तर, राहणार नवीन पनवेल, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्या दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मनाचं त्यांनी विचारलं नाही.

१. नवव्या मजल्यावरचा राहता फ्लॅट मुलगा भावेश याला. गावचं घर विमानतळात गेलं, त्याच्या भरपाईतून हा घेतला. गावी भिंतीत एक आकडा होता. सकाळी दार त्यात अडकवलं की रात्रीच सोडायचं. इथे भावेशने दाराला आपोआप बंद करणारा क्लोजर लावला. एसीची हवा जाते म्हणे. गावचा माणूस बंद दार बघून बेल न दाबताच परत जातो आणि कुठल्या तरी लग्नात भेटला की मला सांगतो. फार वाईट वाटतं.

२. बँकेतली ठेव आणि पत्नीचे दागिने मुलगी समीक्षा हिला. सून स्नेहल हिने तोंड वाकडं करू नये. तिला पाटल्या आधीच मिळाल्या आहेत.

३. माझी पत्नी चंद्रावती गेल्या वर्षी गेली. तिरडी बाहेर काढताना क्लोजरने दार रेटलं आणि ते तिच्या खांद्यावर आदळलं. सगळ्यांचे हात अडकलेले. शेवटी कोणीतरी चंद्रावतीचीच चप्पल दाराखाली खुपसली. स्मशानातून आलो तेव्हाही ती तिथेच होती. जिने कोणाला दारातून परत पाठवलं नाही, तिला घरच्या दाराने ढकललं. हे मी विसरलेलो नाही.

४. तेराव्यानंतर मी बाजारात जाऊन दार धरून ठेवणाऱ्या वस्तू पाहिल्या. रबरी पाचर या गुळगुळीत फरशीवर सरकते. आकडा लावावा तर दार भिंतीपर्यंत पोचत नाही. उरला जमिनीत बसवायचा चुंबकाचा स्टॉपर. चांगला जड, पितळी घेतला. भावेश म्हणाला, "बाबा, इटालियन मार्बल हाय. भोक नाय पाडायचं."

मी म्हटलं, "तुजी आई गेली त्या दारातून."

"आता परत कोन जातंय?" तो म्हणाला. मी त्याच्यासमोरच उभा होतो. त्यानंतर आमचं बोलणं जेवणापुरतंच होतं.

५. स्टॉपर माझ्या कपाटाच्या खालच्या खणात आहे, स्क्रूसकट. तिरडी बांधायला घेण्याआधी तो मुख्य दाराला बसवावा. भेटायला येणाऱ्यांसाठी तेराव्यापर्यंत दार उघडं ठेवावं. समीक्षाने स्वतः उभं राहून हे करून घ्यावं. पुढे स्टॉपर काढायचा तर खुशाल काढा, भोक मात्र बुजवू नये. भिंती, छत, फरशी, सगळं भावेशचं. तेवढं भोक मी माझ्याकडे ठेवतो.

खालील दोघांनी माझ्यादेखत आणि मी त्यांच्यादेखत सही केली. दोघं आत येईपर्यंत दार मी हाताने धरून उभा होतो.

(सही) कमळाकर हिरू घरत

साक्षीदार:
१. (सही) डॉ. विश्वजीत केणी
२. (सही) रुचिरा भोपी, शेजारी

नवीन पनवेल, ९ जून २०२५