इंदापूरची पळी

बारामती,
बुधवार, १८ ऑगस्ट १९९९

प्रिय तेजू,

जय भीम. आज पाचला उठलो. नळाला अर्धा तासच पाणी होतं. भात-आमटी केली, निम्मी डब्यात नेली. ऑफिसात दिवसभर पाण्याच्या मागणीचे अर्ज नोंदवले. सहाला घरी आलो तर दाराच्या फटीत तुझं पत्र होतं. चहा करून वाचलं, मग परत एकदा वाचलं.

कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात तुला या वर्षीच्या बाहेरच्या मीटिंगचं बोलावणं आलं आहे, शनिवारपर्यंत होय की नाही कळवायचं आहे, आणि तू नाही म्हणणार आहेस, असं तू लिहितेस. कारण तू आईचं देतेस. तिला एकदा नेलं, तिच्या डोक्यातली लोणच्याच्या पुडीची कल्पना घेतली आणि परत विचारलं नाही, माझंही तसंच करतील, असं तुझं म्हणणं. आणि खाली विचारतेस, आई तिथं काय चुकली होती बाबा, तुम्हाला तरी ठाऊक आहे का. फोन करावा म्हणून चौकातल्या बूथपर्यंत गेलो होतो. मागे चार माणसं उभी होती. परत आलो आणि लिहायला बसलो. ऑफिसच्या बाहेरचं मला फारसं लिहिता येत नाही, सांभाळून घे.

तू तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर होतीस, म्हणून पहिल्यापासून सांगतो. १९९४ साली तुमच्या लोणच्याच्या कंपनीचं काही खरं नव्हतं. दुकानात ठेवलेल्या बाटल्या धूळ खाऊन परत यायच्या. मालकांनी सल्ल्यासाठी पुण्याहून श्रीपाद सरांना बोलावलं. त्यांचं म्हणणं असं की कारखान्यात बसून माणसाला नवं सुचत नाही, जो तो आपल्या खुर्चीला शोभेल तेवढंच बोलतो. म्हणून बारा जणांना दोन दिवस इंदापूरकडे, उजनीच्या पाण्याकाठच्या विश्रामगृहावर न्यायचं ठरलं. त्यात मालक होते, विक्रीचे साहेब होते, टेम्पोचा ड्रायव्हर होता आणि पॅकिंगमधल्या दोन बायका. त्यातली एक तुझी आई. ती घाबरली होती. जा म्हणून मीच सांगितलं. तिची पिशवीसुद्धा मीच भरली, हे मला आज मुद्दाम लिहावंसं वाटतं.

ती परत आली ती बोलतच. तिथं सगळ्यांनी सतरंजीवर गोल बसायचं, कुणी कुणाला साहेब म्हणायचं नाही. सरांनी स्वयंपाकघरातून एक पळी आणली. पळी ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये हसायचंसुद्धा नाही. पहिल्या दिवशी आईने दर वेळी पळी तशीच पुढच्याला दिली. दुसऱ्या दिवशी तिने ती धरून ठेवली. म्हणाली, "सुप्याच्या बाजारात मी आईसंगं मिरच्या इकायला बसायची. बाया फुडच्या बाजारापत्तुर पुरंल तेवढंच घेत्यात. तुमची बाटली महिन्याची हाय. येवढं घिऊन ठिवतंय कोन?" तिला आठ दिवस पुरेल एवढी पुडी काढायची होती. विक्रीचे साहेब म्हणाले, "पुडी? आपण काय तंबाखू विकतोय?" तेव्हा सर एवढंच म्हणाले, "पळी लीलाताईंच्या हातात आहे."

ही गोष्ट तिने मला त्या एका संध्याकाळी तीनदा सांगितली. शेवटचं वाक्य आलं की ती थांबायची आणि माझ्याकडे बघायची. मी पेपर धरून बसलो होतो. ती लहानपणी बाजारात मिरच्या विकायची हे अठरा वर्षांच्या संसारात मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं हे खरं. पण ते तिने आधी बारा परक्या माणसांना सांगितलं, हे माझ्या डोक्यातून जाईना.

पुडी चालली. दिवाळीपर्यंत बारामतीपासून इंदापूरपर्यंत प्रत्येक आठवडी बाजारात ती दिसायला लागली. घरात मात्र उठता-बसता सर. वांग्यात मीठ कमी आहे म्हटलं तर, "सर म्हनत्यात, आदी चांगलं काय झालंय ते सांगावं." मी नुसतं जेवायचो. शेजारच्या रंगूबाई, आईबरोबरच पॅकिंगला असायच्या त्या, एकदा कपडे वाळत घालताना मला म्हणाल्या, "काय ओ भाऊजी, घरात बोलायला तुमचा नंबर लागतोय का न्हाय आता?" त्या हसल्या, आईही हसली. मी सायकल काढली आणि अर्धा तास आधीच ऑफिसला गेलो.

विश्रामगृहाची पळी तिथल्या खानसाम्याने परत मागून घेतली होती. म्हणून निघताना सरांनी इंदापुरात गाडी थांबवून तशीच नवी घेतली आणि आईला दिली. तीच ती, चुलीमागच्या खिळ्याला आहे ती. घरात आपली पळी होतीच. ही आईने कधी आमटीत बुडवली नाही, फक्त पुसून ठेवायची. जेवायला बसलं की ही पळी माझ्या बरोब्बर समोर. एकदा जेवणं झाल्यावर तिने ती काढून माझ्या हातात दिली. "धरा. आता तुमी बोला. मी मधी बोलनार न्हाय." मी धरून बसलो. ती हात मांडीवर ठेवून ऐकायला बसली. मग मी म्हणालो, "ताक आहे का?" तिने ताक दिलं आणि पळी परत खिळ्याला लावली. पुन्हा कधी दिली नाही.

वाईट असं काही नव्हतं, तेजू. तुझ्या मनात शंकासुद्धा आणू नकोस. तसं काही असतं तर मला रागवायला जागा तरी मिळाली असती. एका माणसाने माझ्या बायकोचं नीट ऐकून घेतलं, यावर रागवायचं कसं?

पुढच्या वर्षी, १९९५ च्या सप्टेंबरात, परत मीटिंग ठरली. कुणाला नेणार हे कंपनीत आधी कळत नसे. मॅनेजरच्या मर्जीतलीच माणसं येऊ नयेत म्हणून सर स्वतः नावं ठरवायचे आणि पत्र परस्पर घरी पाठवायचे. आई महिनाभर पोस्टमनची वाट बघत होती. तिने नवीन पातळ आणलं होतं. गाडी निघाली त्या दिवशी ती पॅकिंगच्या दारात उभी राहून बघत होती, असं नंतर रंगूबाईंनी सांगितलं. त्या संध्याकाळी तिने मला विचारलं, "माझं काय चुकलं आसंल वो? मी लई बोलले का तितं?" मी म्हणालो, "असेल. मोठ्या लोकांचं काय सांगावं." त्यानंतर ती कंपनीत गरजेपुरतंच बोलायला लागली. घरातही सर हा शब्द बंद झाला. मला हवं होतं तसं झालं, आणि घरात दोन गप्प माणसं राहिली.

गेल्या ऑक्टोबरात ती कावीळ होऊन बारा दिवसांत गेली, ते तू पाहिलंसच. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला श्रीपाद सर आले होते. तू आत बायकांत होतीस. त्यांचे डोळे भरून आले होते. माझे तोवर कोरडेच होते, आणि तेवढ्या दुःखातही मला त्यांचा राग आला, की माझ्या आधी हा कसा रडतो. ते माझा हात धरून म्हणाले, "लीलाताईंनी दुसऱ्या वर्षी नकार कळवला, तेव्हा फार वाईट वाटलं. कार्ड मी अजून ठेवलंय. अक्षर किती सुंदर होतं त्यांचं." तुझी आई सातवी शिकलेली. तिचं अक्षर कसं होतं ते तुला माहीत आहे. मी मान हलवली आणि त्यांच्यासाठी चहा आणायला सांगितला.

ते अक्षर माझं होतं. पत्र ती कामावर असताना आलं होतं. सोबत उत्तराचं कोरं कार्ड होतं. "घरगुती अडचणीमुळे येणे शक्य नाही" असं त्यावर लिहिलं आणि खाली तिचं नाव घातलं. पाच मिनिटं लागली असतील. तिचं बोलावणं मात्र फाडलं नाही. कागद फाडायची मला सवय नाही, ते माझ्या ऑफिसच्या बॅगेत चार वर्षं आहे. या पत्रासोबत ते तुला पाठवतो आहे. त्यात सरांनी लिहिलंय की या वेळी पहिली पळी तुमच्या हातात द्यायची आहे. हे तिला वाचायला मिळायला हवं होतं. तिला कुणी टाकलं नव्हतं, तिचं काही चुकलं नव्हतं, हे तुला कळावं म्हणून आज लिहिलं. तू जा असं सांगायला मला तोंड नाही. नाही म्हणायचं असेल तर तुझ्या कारणाने म्हण, आईच्या नावावर म्हणू नकोस. तिच्या नावावर एक नकार पुरे झाला. सरांना काय सांगायचं ते मी माझं त्यांना लिहीन. त्यांचं नाव लिहिताना मला अजूनही बरं वाटत नाही, हेही खरं सांगतो. तू मला कधी उत्तर द्यायचं ते तुझं तू ठरव.

तुझेच,
बाबा

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी जेवून घेतलं. आई गेल्यापासून मी आमटीत वाटी बुडवूनच घेतो. आज खिळ्यावरची पळी काढली, धूळ होती ती राखेने घासली आणि त्याच पळीने वाढून घेतलं. मग ताट, वाटी आणि पळी धुऊन पालथी घातली.