आईच्या बटणांसाठी आवाज

पाचोरा, १४ नोव्हेंबर २०२४

प्रिय तेजसभाऊ,

मोहिनीचा नमस्कार. सरितावहिनींनाही सांग, अजून भेट नाही, पण वहिनीच त्या. इकडे सगळं ठीक. कापूस वेचणीला आलाय, मजूर मिळत नाहीत, म्हणून आबा दिसेल त्याच्यावर खेकसतात. तुझ्या लग्नाच्या भांडणानंतर तू आबांचा आणि माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून पत्र. पत्ता तुझ्या दोस्ताकडून, हितेंद्रकडून घेतला. अक्षराला हसू नकोस, हल्ली एका जागी बसवतच नाही.

तुझा जुना कॉम्प्युटर मी माळ्यावरून खाली काढला. आत पालीची अंडी होती. विंडोज सुरू होता होता माणूस म्हातारा व्हावा, म्हणून ते काढून लिनक्स टाकलं. मग पायथन, म्हणजे प्रोग्रॅमची भाषा, मग ती लिहायला एडिटर, मग आवाज कापायचं सॉफ्टवेअर. सगळं फुकट. आबांना पटेना. "फुकट कोन देस वं पोर? काहीतरी गोम व्हईच!" गोम एवढीच, की एक टाकलं की ते दुसरं मागतं. आपल्याकडे नेट रडकं, त्यामुळे दर वेळी पेन ड्राइव्ह घेऊन हितेंद्रच्या दुकानात पळायचं. मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन यायचे, तेव्हा तर मी कीबोर्ड आपटला होता. फाँट टाकल्यावर 'पाणी' उमटलं आणि मला रडूच आलं.

हे सगळं आईसाठी. लकव्याचं हितेंद्रनं तुला कळवलंच होतं. 'येतो' म्हणालास. असो. उजवा हात थोडा हलतो, वाचा मात्र गेलेली. म्हणून मी पडद्यावर मोठी बटणं केली. पाणी, भाकर, पंखा, पाय दुखतो. डाव्या हातानं दाबलं की कॉम्प्युटर बोलणार.

पहिल्यांदा त्याच्यातला तयार आवाज लावला. आईनं बटण दाबलं, तर कुणी साहेब भारदस्तपणे म्हणाला, "मला पाणी हवे आहे." आईनं घाईघाईनं डोक्यावर पदर ओढला! कुणी पाहुणा आला समजून ओट्यावरून आबा विचारतात, "कोन उनं?" मी पोट धरून हसले. आईसुद्धा हसली, वाकड्या तोंडानं का होईना.

मग मी माझ्या आवाजात भरलं. "माले पाणी दे." आईनं ऐकलं आणि स्पीकरवर हात दाबून धरला. पुन्हा लावलं, पुन्हा हात. आता ती बटणांकडे बघत नाही, भिंतीकडे तोंड करून पडते. तहान लागली तरी मागत नाही. डॉक्टर म्हणतात, तिनं बोलायची इच्छाच सोडली तर वाचा परत येणं कठीण. भाऊ, मला भीती वाटते रे.

थांब, आत जाऊन आले. कूस बदलून दिली.

तिला तिचाच आवाज हवाय. दुसऱ्याच्या तोंडानं का बोलावं तिनं? आणि तो फक्त तुझ्याकडे आहे. आबांना चोरून ती तुला व्हॉइस मेसेज पाठवायची, मला शेजारी बसवून. "तेजू, जेवना का रे? तिकडे पाणी उनं का? मना पाय दुखस." यातून पाणी निघेल, पाय निघेल, बटणं भरतील. पाठवून झालं की फोन माझ्यापुढे धरायची, "दख ना वं, निळं व्हयनं का?" तू ऐकलंस की माइकची खूण निळी होते, एवढं तिला मीच शिकवलं होतं. झाली नाही कधी. तरी तू तिचा नंबर ब्लॉक केला नाहीस, म्हणून तर मागतेय.

तिच्या फोनमध्ये का नाहीत, असं विचारशील. फोन मळ्यातल्या हौदात गेला. बॅकअप वगैरे तिला कुठलं माहीत.

हितेंद्रकडून हे मागवता आलं असतं, पण एक गोष्ट त्याच्या तोंडून तुला कळायला नको होती. मीसुद्धा चार पानं फाडली. आई हौदाच्या काठावर पडली, तेव्हा ती तुलाच मेसेज करत होती. मी कापसाच्या ओळीत होते. "तेजू, मी काय म्हनस..." एवढं ऐकलं, पुढे धप्पकन आवाज. तुझ्यामुळे झालं असं नाही, तिनं बीपीच्या गोळ्या बंद केल्या होत्या. पण खरं सांगू? कितीतरी दिवस मी तुझ्याच नावानं बोटं मोडत होते.

तो शेवटचा मेसेज बहुतेक बटणावरचं तिचं बोट सुटताच आपोआप गेला असेल. असला तर तो कापायला देऊ नकोस. बाकीचे सगळे दे. तो तू ऐक, एकटा बसून. नंतर मला काही सांगू नकोस, हितेंद्रलाही नको. इकडे ये आणि जे काय उत्तर असेल ते तिच्याजवळ बसून तिला दे. आबा एक शब्द बोलणार नाहीत, पण दार उघडतील.

तिला बोलता येत नाही, भाऊ. ऐकू सगळं येतं.

वाट बघणाऱ्या दोघींपैकी जिला लिहिता येतं ती,
मोहिनी