खोडलेलं धरत नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताई म्हणाली, ताई म्हणाली, ताई म्हणाली! आज जेवताना मोजलं. सात वेळा.

"आई, ताई म्हणाली, बी उलटं लावलं तरी मूळ खालीच जातं." अगं बाई, एकोणीस वर्षं चौथीला विज्ञान कोण शिकवतंय? मला माहीत नाही का मूळ कुठे जातं ते? पण नाही. मी सांगितलं असतं तर जांभई दिली असती. तिने सांगितलं म्हणून डोळे एवढे मोठे!

आपलं मूल आपल्या वर्गात नको असा शाळेचा नियम. म्हणून मी चौथी अ आणि लेक चौथी ब. ब वर्गाला आधी म्हातारे गुरुजी होते, खुर्चीत डुलक्या काढायचे. कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते गेले आणि यंदा ही आली. सत्तावीस वर्षांची. बारीक आवाज, सारखी चिवचिव. मी मनातल्या मनात तिला चिमणी म्हणते. मुलांना म्हणाली, मला बाई नका म्हणू, ताई म्हणा.

आणि शाळेच्या फाटकातून आत आलं की मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा नियम माझाच. लेक पहिलीपासून तो पाळते, एकदाही चुकली नाही. म्हणजे साडेसात ते दीड ती ताई आणि मी बाई. घ्या!

६ फेब्रुवारी, गुरुवार

हेडसरांनी बोलावलं. "बाई, यंदा विज्ञानाचा पेपर ब वर्गाच्या मॅडम काढतील. जरा नवीन प्रश्न येऊ देत."

नवीन! म्हणजे माझे शिळे? 'वनस्पतींना वाढीसाठी हवा, पाणी व ———— लागतो.' एकोणीस वर्षं ती जागा रिकामी ठेवली आणि एकोणीस वर्षं मुलांनी ती भरली. कुणाचं काही अडलं नाही.

वर आणखी एक. दोन्ही वर्गांनी कागदी पेल्यांत घेवडा लावायचा. ही पण तिचीच कल्पना. मी म्हटलं, "पुस्तकात चित्र आहे की." हेडसर नुसते हसले. त्या हसण्याने नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या अजून झोंबतायत.

पेपर तपासणी मात्र नेहमीसारखी अदलाबदलीने. तिच्या वर्गाचे मी, माझ्या वर्गाचे ती. बघू या नवीन प्रश्नांची नवीन उत्तरं!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आमच्या दोन वर्गांमध्ये नुसती फळ्यांची भिंत. आज पलीकडून हसण्याचा आवाज. विज्ञानाच्या तासाला! हसण्यासारखं काय असतं विज्ञानात?

११ फेब्रुवारी, मंगळवार

ब वर्ग — चौतीस पेले, तेहतीस उगवले. अ वर्ग — चौतीस पेले, नऊ.

बिया मी साहित्याच्या खोलीतल्या घेतल्या होत्या. तीन वर्षांपूर्वीच्या. मुलांना म्हटलं, यंदा हवाच बरोबर नाही. नाचता येईना, अंगण वाकडं. हे मला कुणी सांगायला नको, माझं मलाच कळतं. कळतं म्हणून तर जास्त लागतं.

लेकीचं रोप सगळ्यात उशिरा आलं, सगळ्यात बुटकं. तिने त्याचं नाव ठेवलंय लंबू. ताई म्हणाली, नाव मोठं ठेवलं की त्याला लाज वाटून वाढतं! आणि सगळा वर्ग हसला म्हणे. असल्या गोष्टींना हसतात होय. लंबू आज किती, लंबू उद्या किती, पट्टी घेऊन फिरते पोरगी. घरात आईला ताप आहे हे हिला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

हे म्हणाले, "अगं, शिकतेय ना पोरगी? कोण शिकवतंय त्याने काय बिघडतं?"

बिघडतं!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहू की नको. लिहिते. इथे नाही लिहिलं तर कुठे.

शाळा सुटल्यावर ब वर्गात गेले. वर्ग रिकामा. खिडकीत रोपांचा ट्रे, प्रत्येक पेल्यावर नंबर, शेजारी वही, रोजच्या उंचीच्या नोंदी. वहीच्या पुठ्ठ्यावर मुलांनी चिमणीचं चित्र काढलंय. म्हणजे मी ठेवलेलं नाव माहीत नसून त्यांनाही ती चिमणीच दिसते! फक्त त्यांनी खाली लिहिलंय, 'आमची ताई'. ते अक्षर मी कुठेही ओळखेन. त्या अक्षराचा पहिला अ माझ्या मांडीवर बसून गिरवलाय.

ट्रे उचलला आणि साहित्याच्या खोलीत नेऊन ठेवला. अगदी मागे, खडूच्या खोक्यांच्या फळीवर. तिथे अंधार. वर हातभर झरोका आहे, तेवढाच उजेड. कुलूप लावलं. किल्ली दोघांकडेच, मी आणि शिपाईमामा. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी लवकर येऊन ट्रे जागेवर ठेवायचा. प्रकाश नाही तर रोप कोमेजतं. पुस्तकात पान क्रमांक बारा.

फाटकाशी लेक थांबलेली. "बाई, हाताला माती?"

"कुंडी पडली एक. व्हरांड्यातली."

"बरं," म्हणाली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काम नसताना दोनदा शाळेवरून जाऊन आले. आत गेले नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

करायला गेले एक आणि झालं भलतंच!

सकाळी सातला कुलूप काढलं. अंधारात हात लावला तर रोपं हाताला वर लागली. बाहेर उजेडात आणली आणि बघतच राहिले. दुप्पट! काही तर दुपटीच्याही वर. बारीक, पिवळट, दोऱ्यासारखी, पण उंच. सगळ्यांच्या माना एकीकडे. आणि सगळ्यात उंच कोण? लंबू.

एकोणीस वर्षं 'कोमेजतं' शिकवलं. एकदाही अंधारात ठेवून पाहिलं नव्हतं.

पहिल्या तासाला भिंतीपलीकडे नुसता जल्लोष. मग चिमणीचा आवाज: "थांबा, थांबा. उंच झाली म्हणून टाळ्या नका वाजवू. नीट बघा. रंग कसा आहे? खोड कसं आहे? शुक्रवारी कशी होती, वहीत बघा." आणि मग शांत. चौतीस मुलं शांत! मी माझ्या वर्गात दोनदा डस्टर आपटला, तरी माझे गप्प बसेनात.

हेडसर बघायला आले. मला हाक मारून म्हणाले, "बाई, जरा मुलांना घेऊन या, बघू द्या त्यांनाही." माझी मुलं माझ्या देखत तिच्या ट्रेभोवती गोळा झाली. माझा नऊ रोपांचा ट्रे कुणी पाहिलाही नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मुलं छडा लावायच्या मागे लागलीत. एकाला पेल्याच्या काठावर पांढरी भुकटी दिसली. बोट लावून वास घेतला. "ताई, खडू!" दुसरी म्हणाली, माना खिडकीकडे हव्या होत्या, भिंतीकडे का? तिसरा: "म्हणजे उजेड दुसरीकडून येत होता." फळ्यांच्या भिंतीला कान लावून सगळं ऐकलं. चोराच्या मनात चांदणं. सगळ्यांचे आवाज आले, लेकीचा नाही. एरवी पहिला हात तिचा असतो.

मधल्या सुट्टीपर्यंत शाळेला कळलं, ट्रे साहित्याच्या खोलीत होता. हेडसरांनी शिपाईमामांना बोलावलं. "किल्ली दोघांकडेच. बाईंचा तर प्रश्नच नाही." मी तिथेच उभी होते. "विचारल्याशिवाय वर्गातलं सामान हलवायचं नाही, किती वेळा सांगायचं? लेखी ताकीद देतो." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "बाई, आईशप्पथ मी हात नाही लावला. तुम्ही सांगा ना साहेबांना, तुमचं ऐकतील."

"बघते," म्हटलं.

चिमणीला कुणाचा राग नाही, संशय नाही. मला म्हणाली, "बाई, कुणी का ठेवला असेना, केवढा धडा मिळाला मुलांना! मी शिकवला असता तर महिना गेला असता." इतका चांगुलपणा माणसाला शोभत नाही. निदान एक शिवी तरी द्यावी!

२० फेब्रुवारी, गुरुवार

पेपर झाला. ब वर्गावर पर्यवेक्षण चिमणीचं, अ वर पीटीचे सर. मी ऑफिसात बसून पेपर वाचला. रिकामी जागा एकही नाही.

प्रश्न चौथा: घरात तुम्ही पाहिलेलं ढकलण्याचं एक आणि ओढण्याचं एक उदाहरण लिहा. प्रश्न पाचवा: शाळेमागच्या डबक्यातले सगळे बेडूक काढून टाकले तर काय होईल? प्रश्न सहावा: ब वर्गाची रोपं तीन दिवसांत उंच, बारीक आणि पिवळी झाली. काय घडलं असेल? कशावरून? गुण चार.

चांगला पेपर आहे. लिहून ठेवते, कारण तोंडाने कधी म्हणणार नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ब वर्गाचा गठ्ठा घरी आणला. नावाचा कोपरा दुमडून चिकटवलेला, वर फक्त नंबर.

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी. "आई, पेन्सिलीने खोडलेलं तपासत नाहीत ना?"

"नाही. खोडलं ते नसल्यासारखं. मी खोडलेलं कधी धरत नाही, माहितेय ना तुला?"

"हं," म्हणाली. मग कधी नव्हे ती गळ्यात पडली. ताईचं नाव नाही की काही नाही. मला इतकं बरं वाटलं! दोन भांडी जास्तीची घासली आनंदात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून तपासतेय. कडक तपासायचे ठरवूनच बसले होते. जमेना.

बेडकांचा प्रश्न. एकाने लिहिलंय: "डास वाढतील, साप उपाशी राहतील आणि मग ते शाळेत येतील." एकीने: "पहिल्या दिवशी काही होणार नाही. नंतर सगळ्यांना त्रास होईल." एकाने: "बेडूक काढणाऱ्याला वाटेल आपल्याला कुणी पाहिलं नाही." तो पेपर जरा वेळ बाजूला ठेवला.

सहावा प्रश्न जवळजवळ सगळ्यांचा बरोबर. अंधार, खडू, माना. "रोप उजेड शोधायला धावलं म्हणून उंच झालं आणि दमलं म्हणून पिवळं झालं." याला किती द्यायचे, पुस्तकात कुठे आहे? चारपैकी चार दिले.

मग सव्वीस नंबर. ओढणे: "सकाळी आई माझं पांघरूण ओढते." ढकलणे: "आजारी असली की मी आईला कामावरून उठवून पलंगाकडे ढकलते, पण ती जात नाही." नावाचा कोपरा उघडायची गरजच नव्हती. म्हणजे त्या दिवशीचा ताप कळला होता तिला.

पुढे सहावा. "खत जास्त झालं असेल. कशावरून — माहीत नाही."

खत? वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी, रोज पट्टी घेऊन उंची मोजणारी, आणि खत? मला आधी काय वाटलं तेही लिहिते. आनंद झाला. चिमणीची लाडकी चुकली! मारली काट. चारपैकी शून्य.

मग दिसलं, वर तीन ओळी खोडलेल्या. कागद अगदी पातळ झालाय. खिडकीशी तिरपा धरला. पोरगी पेन्सिल दाबून लिहिते, किती वेळा ओरडले असेन त्यावरून.

"रोपं साहित्याच्या खोलीत अंधारात होती. आईने ठेवली. कशावरून — तिच्या हाताला माती होती. ती म्हणाली कुंडी पडली. पण मी व्हरांड्यातल्या सगळ्या कुंड्या मोजल्या. एकही पडली नव्हती."

शाळेच्या कागदावर पहिल्यांदा आई.

बाहेर तिचा आवाज येतोय. वडिलांना सांगतेय, सहावा प्रश्न अवघड होता, मला आलाच नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

तेहतीस पेपर बांधून ठेवले. एक टेबलावर.

विचारलं तिला, लंबू कसा आहे? म्हणाली, "ताईने काडीचा आधार दिलाय. हिरवा होतोय हळूहळू." मग एकदम, "आई, मामांना शिक्षा होईल का गं?"

२४ फेब्रुवारी, सोमवार

नंबर सव्वीस, प्रश्न सहावा. खोडलेल्या ओळींवरून पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवली. अक्षरं वर आली, कुणालाही वाचता येतील अशी. शून्य खोडलं. शेजारी लाल शाईत लिहिलं — बरोबर. चारपैकी चार. खाली सही केली, पूर्ण नावाची.

गठ्ठा ताईच्या टेबलावर ठेवून आले. तो पेपर सगळ्यात वर.