मागून येणाऱ्यांना निरोप

३ डिसेंबर

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इथे थंडी आहे, जेवण बरं मिळतं. अक्षर वाकडं दिसलं तर हसू नकोस, डाव्या हाताने लिहितेय.

घाबरू नकोस. फोनवर तू रडली असतीस आणि मी विरघळले असते, म्हणून पत्र.

परवा सकाळी महामार्गावर आमच्या यंत्राची चाचणी होती. तू ज्याला ‘गाड्यांच्या गप्पा’ म्हणतेस तेच. पुढची गाडी धडकली की मागच्यांना आपणहून कळवते. आमच्या पाच गाड्या, माझी शेवटची. हो, मीच चालवत होते.

धुकं एवढं की बॉनेटसुद्धा धड दिसेना. अचानक यंत्र ओरडलं, ‘पुढे अपघात!’ समोर तर नुसता पांढरा पडदा. तरी वेग कमी करत थांबले. नंतर कळलं, दुधाचा टँकर आडवा पडलाय आणि आमची पहिली गाडी त्याला घासून उभी आहे. तिनेच कळवलं होतं. मागच्या चारही जागच्या जागी थांबल्या. आई, एकही कुणावर आदळली नाही!

मग सहावी आली. ती आमची नव्हती, तिला सांगणार कोण? तिने मला मागून ठोकलं. उजवा हात मोडला, बाकी धडधाकट आहे.

काल साहेब इस्पितळात भेटायला आले. म्हणाले, “चाचणी बंद करू. यंत्र असून अपघात झाला, असं लोक म्हणतील.”

“ठोकलं ते यंत्र नसलेल्या गाडीने. बंद कसलं करताय? सगळ्यांच्या गाडीत बसवा!”

“आधी बऱ्या व्हा.”

“बरी होते आणि तुमच्या डोक्यावर बसते.”

तेवढ्यात मला ठोकणारी बाई दारात आली. रडून डोळे सुजलेले. म्हणाली, “माझी लेक मागच्या सीटवर होती हो, थोडक्यात वाचली. माझ्या गाडीत बसवाल का ते?” साहेबांनी तिला खुर्ची पुढे केली. आज त्यांनी कळवलंय, चाचणी चालू राहील.

आई, बाबा गेले त्या अपघातात पहिल्या धडकेत त्यांना खरचटलंही नव्हतं. मागच्यांना सावध करायला ते रस्त्यावर रुमाल हलवत उभे राहिले, आणि मागून येणाऱ्याला रुमाल दिसला नाही. आपण घरात हे कधी बोललोच नाही. आता मी बोलणार, सगळीकडे.

घरी ये म्हणू नकोस. प्लास्टर निघालं की मी पुन्हा त्याच रस्त्यावर. रडायचं तर रड, अडवू मात्र नकोस.

तुझी, आणि रुमाल हलवणाऱ्या त्या माणसाची,
लेक