न पाहिलेलं कुस्को

३ फेब्रुवारी १९४५, सातारा
पहाटे पुन्हा कुस्को, पेरू देशातलं ते डोंगरावरचं शहर. लाल कौलं, चौकाभोवती कमानी, मोठ्या घंटेचा घुमत राहणारा आवाज. कमानीखाली कंदी पेढेवाला बसलेला! स्वप्नात हसलो. जागा झालो तरी घंटा कानात. चहा होईपर्यंत तसाच पडून.

५ फेब्रु.
वाचनालयाचे चिटणीस आले. माझाच विद्यार्थी. रविवारी व्याख्यान हवंय, कुस्कोवर. लगेच हो म्हणालो. पेन्शनर मास्तर व्याख्यानाला कधी नाही म्हणतो?

७ फेब्रु.
वाचनालयाच्या फळ्यावर रंगीत खडूनं : 'प्रत्यक्ष पाहिलेलं कुस्को'. आत जाऊन चिटणिसांना विचारलं, हे काय?
"तुम्हीच सांगायचात ना सर, चौकातून वळलो की चढ, अन् विरळ हवेनं दम लागतो."
सांगायचो खरं. तीस वर्षं. एका साहेबाचं प्रवासवर्णन, त्यातली अकरा चित्रं, एवढीच माझी पुंजी. मी मुंबईपलीकडे गेलेलो नाही. वर्गात 'आपण वळलो' म्हणायचो, पोरांना वाटलं मास्तर जाऊन आले. एकानं विचारलंही होतं. मी नुसता हसलो. ते हसणं नडलं.
चिटणिसांना 'येतो रविवारी' म्हणून परतलो.

८ फेब्रु.
सौ.ला सांगितलं. म्हणाली, "सांगून टाका. चार दिवस हसतील लोक." मग पदर तोंडाला लावून, "लग्नानंतर वर्षभर मलाही वाटायचं, जाऊन आलात म्हणून."
ठरलं. सुरुवातीलाच कबुली.

९ फेब्रु.
वडूजहून दस्तगीर आला. माझ्या वर्गात होता, आता दगड घडवतो. व्याख्यानासाठी दोन दिवस आधीच! पोत्यात दोन दगड. ओसरीवर मांडले.
"मास्तर, ती कुस्कोची, सूर्याच्या देवळाची भिंत. वर स्पेनच्या सायबानं चर्च बांधलं, भूकंपात चर्च पडलं, खालची भिंत हालली न्हाई. चुना न्हाई, सांध्यात सुई जात न्हाई. तुमीच सांगितलं हुतं."
"हो."
"वीस वर्सं तसा सांधा करतुय. व्हईना. तुमी हात लावलाय न्हवं? कडंला दगूड दबलाय का सपाट हाय?"
डोळे मिटले. चित्रात सांध्याशी सावली आहे. सावली आहे म्हणजे...
"दबलाय," म्हणालो.
त्याचा चेहरा असा उजळला की 'चित्रात पाहिलं' म्हणायचं सोडून त्याला चहा विचारला. लाज वाटते. आणि खोटं कशाला लिहू, आनंदही झाला.

१० फेब्रु.
दिवसभर अंगणात छिन्नीचा आवाज. त्या तालात डोळा लागला. लाल कौलं.

११ फेब्रु., रविवार
सकाळी हाक. "आवं मास्तर, बघा तर!"
सौ.नं शिवणाची सुई आणली. सांध्यात जाईना. उलटसुलट करून पाहिली, वाकली.
दस्तगीर डोळे पुसत म्हणाला, "तुमी बघून आलासा म्हून झालं. वाचून कुनाला कळतंय हे?"
सौ. माझ्याकडे बघत राहिली.
सांध्यावरून हात फिरवला. दबलेला, गार. कुस्कोतलं एवढं तरी आता हाताला लागलं.
सहाला व्याख्यान. तो पहिल्या रांगेत बसणार, दगड घेऊन. सौ.नं कोट झटकून ठेवलाय. पावणेसहा झाले. पहिलं वाक्य दोनदा लिहून खोडलं.