गोधडी बंदुकीचे चार वाटे

मी, आर्मिंडा स्टॅम्पर, कै. एस्टिल स्टॅम्पर यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, राहणार पिनहूक खोरे, पूर्व केंटकी, हे मृत्युपत्र माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिते आहे. गाठ माझ्या पोटात आहे, डोक्यात नाही. जे लिहिते त्याचा अर्थ मला पुरता कळतो. मला कोणी शिकवलेले नाही आणि कोणी दरडावलेलेही नाही. माझी मुलगी वेल्डा हिने एका वकिलाकडून हे टाइप करून आणले होते. त्याने माझी सगळी वाक्ये कापून नुसता सांगाडा ठेवला होता, म्हणून तो कागद चुलीत गेला. याआधीचे माझे मृत्युपत्रही रद्द समजावे.

कलम १. घर, विहीर आणि मागचा उतार माझा मुलगा डेल्मर आणि वेल्डा या दोघांना मिळून. विकायचे झाल्यास दोघांच्या सह्या लागतील. माझ्या मागे पहिला हिवाळा डेल्मरने या घरात एकट्याने काढू नये, वेल्डाकडे राहावे. वेल्डाचा नवरा फार घोरतो हे मला ठाऊक आहे. घोरणारा माणूस असला की घर रिकामे वाटत नाही.

कलम २. बँकेतल्या शिलकीतून दफनाचा खर्च करावा. साधी पेटी पुरे. उरेल ते दोघा मुलांना निम्मे निम्मे.

कलम ३. सफरचंदे आटवायचे तांब्याचे मोठे पातेले शेजारीण लूरेन नेपियर हिला. ती दर शरदात ते मागून नेते आणि बूड जाळून परत करते. यापुढे तिचा परत करण्याचा त्रास वाचेल आणि माझा घासण्याचा वाचलेलाच आहे.

कलम ४. हे कलम दीर ऑर्बिन खोलीत हजर असताना मोठ्याने वाचावे.

माझ्या पतींच्या मृत्यूबद्दल या खोऱ्यात पंचवीस वर्षे एकच वाक्य चालत आले आहे: बंदूक साफ करताना उडाली. दफनाच्या जेवणात शिजवलेला घेवडा आणि मक्याचा पाव जसे वाढतात, तसेच आमच्याकडे हे वाक्यही वाढतात. ते खोटे आहे. त्यांची खाण बंद पडल्यापासून एस्टिल कोणाशी बोलत नव्हते. खुर्ची खिडकीकडे करून बसायचे. एक दिवस ऑर्बिन आला आणि म्हणाला,

"वहिनी, त्याला घरात कोंडून ठेवू नकोस. हातात बंदूक दे आणि धाड डोंगरावर. चार खारी मारल्या की गडी कसा ताळ्यावर येतो बघ."

मनाने खचलेल्या पुरुषाला बंदूक देऊन एकटा डोंगरावर पाठवायचा, ही आमची रीतच आहे. एस्टिल गेले ते ऑर्बिनच्या खांद्यावरून परत आले. तेल आणि चिंध्या न घेता डोंगरावर बंदूक साफ करायला कोण जातो, असे मी दफनाच्या दिवशी सगळ्यांसमोर विचारले होते. चर्चच्या उपदेशकांनी मला बाजूला नेऊन पाणी प्यायला लावले. आता मला पाणी पाजायला कोणी येणार नाही, म्हणून पुन्हा लिहिते. एस्टिल यांनी स्वतःचा जीव घेतला. ते भेकड नव्हते, पापीही नव्हते. ते आजारी होते, आणि आम्हाला ताप-खोकल्यापलीकडचा आजार ओळखता येत नव्हता.

ऑर्बिन, त्या दिवशी तुझाही भाऊ गेला, हे मला दिसत होते. तरी त्यानंतर मी तुला कधी कप भरून कॉफी दिली नाही. ते तू ओळखलेस आणि तरीही येत राहिलास, याची नोंद इथे करते.

कलम ५. माझ्याकडे बंदूक एकच आहे, आणि ती एस्टिल यांची नव्हे. पुढची लाकडी मूठ मागे ओढून पुढे ढकलायची आणि बार काढायचा, अशी जुन्या धाटणीची, बावीस नंबरची. कोणत्या कंपनीची, असे विचारू नये. मधली, काडतूस आत घेणारी लोखंडी पेटी माझ्या वडिलांच्या बंदुकीची; तिची मूळची नळी पुराच्या चिखलात सडली. आताची नळी जत्रेतल्या नेमबाजीच्या पालातली, पत्र्याची बदके पाडून पाडून आतून गुळगुळीत झालेली. खांद्याला लावायचा दस्ता ऑर्बिनचा. नेम चुकला म्हणून त्याने आपली बंदूक कुंपणाच्या खांबावर आपटली होती. तो फुटका दस्ता मी सरस लावून तारेने आवळला. पुढची मूठ डेल्मरने खाणीत लागण्याआधी आमच्याच अक्रोडाच्या लाकडातून कोरली. एका लाकडाचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही.

"आई, ही बंदूक नाही, गोधडी आहे," डेल्मर म्हणाला, आणि तेच नाव पडले.

एस्टिल गेल्यावर कुठेही बार उडाला की मी दार लावून घेत असे. ती भीती या गोधडीने घालवली. रविवारी चर्चहून आलो की डेल्मर मागच्या अंगणात तारेवर बरण्यांची झाकणे टांगायचा. गोधडीचे नखरे फार. काडतूस सर्वांत आखूड लागते. जरा लांब दिले की घशात अडकते. गोळी डावीकडे जाते, म्हणून झाकणाच्या उजव्या काठावर नेम धरायचा. हे कळले की मग खटॅक-खटॅक, टण्ण, खटॅक-खटॅक, टण्ण! मी पन्नाशीत पोरीसारखी खिदळत असे. लूरेन कान झाकून ओरडायची, "आर्मिंडा, लाज बाळग, आज देवाचा वार आहे!" आणि मग म्हणायची, "आण इकडे, मला एकदा मारू दे." ऑर्बिनचा नेम अजूनही पाइनच्या झाडालाच लागतो. माझ्या आयुष्यात मला निव्वळ गंमत म्हणून मिळालेली ही एकच वस्तू, आणि डेल्मरच्याही.

कलम ६. दोन वर्षांपूर्वी डेल्मर कामाला होता त्या खाणीचे छत कोसळले. डेल्मरच्या दोन्ही बाजूंची माणसे गेली, तो राहिला. तेव्हापासून त्याची खुर्चीही खिडकीकडे वळली.

गेल्या ऑक्टोबरात ऑर्बिन त्याला पडवीत सांगताना मी ऐकले, "जा की रे डोंगरावर, खारींचे दिवस आहेत." मी लाटणे घेऊन बाहेर आले आणि दिराला फाटकापर्यंत पोहोचवले. त्याच आठवड्यात मी वेल्डाकडून परत आले, तर डेल्मर मागच्या पायरीवर मांडीवर गोधडी घेऊन बसला होता. तार मोकळी होती.

"झाकणं नाही टांगलीस?"

"नको वाटलं."

"मग ही कशाला काढलीस?"

त्याने नळीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "साफ करत होतो, आई."

जवळ ना तेल होते ना चिंधी. मी त्याच पायरीवर त्याला खेटून बसले, बंदूक माझ्याकडे ओढली आणि विचारले, "तुझ्या बापासारखं चाललंय का रे डोक्यात?"

"हो," तो म्हणाला.

त्याच्या बापाने ते कधी म्हटले नाही. डेल्मरने म्हटले, म्हणून तो आज आहे. मी तिथेच बंदुकीचे भाग सुटे केले. वेल्डा त्याला गाडीने शहरातल्या डॉक्टरांकडे नेते. नाताळात तो एकदा हसला.

लूरेन म्हणते, "अगं, टाक ती तळ्यात एकदाची." मी पुष्कळ विचार केला. ती तळ्यात टाकली तर त्याचा एकमेव रविवार मी तळ्यात टाकीन. आणि अख्खी त्याच्या हाती दिली तर मला कबरीतही झोप लागणार नाही.

कलम ७. म्हणून गोधडीचे वाटे असे.

दस्ता, चाप आणि घोडा असलेला मागचा भाग ऑर्बिनला. त्याने डेल्मरला दुसरी कोणतीही बंदूक कधीही देऊ नये. डोंगरावर जायचेच असेल तर रिकाम्या हाताने सोबत जावे आणि वाटेत त्याचे ऐकावे.

पेटी आणि नळी असलेला पुढचा भाग वेल्डाला. तो तिने कुलपात ठेवावा.

नळीखालचे, काडतुसे भरायचे नळकांडे आणि सगळी काडतुसे लूरेनला. तिने ती पिठाच्या डब्यात ठेवू नयेत. तिच्या पावात मला एकदा सापडले आहे.

डाव्या अंगाचा एक स्क्रू आहे. त्याच्यावाचून पुढचा भाग मागच्याला धरत नाही. तो माझा मुलगा डेल्मर याला.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिघांनी आपापला वाटा घेऊन या अंगणात यावे, गोधडी जुळवावी, झाकणे पाडावीत, जेवावे, आणि निघताना आपापला वाटा घेऊन जावे. स्क्रूवाचून त्यांच्या हातात नुसते मोडके लोखंड राहील, म्हणून डेल्मर, तुला यावेच लागेल. आला नाहीस तर तिघेही तुझ्या दारात येतील. तसे मी त्यांच्याकडून वदवून घेतले आहे.

यात अविश्वास नाही, असे मी लिहिणार नाही. त्या आजारावर माझा काडीचाही विश्वास नाही. तुझ्यावर आहे. पायरीवर मला जे सांगितलेस, ते आता यांच्यापैकी कोणालाही सांग, कुठल्याही वेळी. मी मेल्यावरही तू मला जिवंत हवा आहेस.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझाच आहे.

सही: आर्मिंडा स्टॅम्पर

आमच्यादेखत आर्मिंडाबाईंनी सही केली; बोलणे ठाम होते:
१. हॉबर्ट शेफर्ड, पोस्टमास्तर
२. मे बेथ कॉडिल, शिक्षिका

पिनहूक खोरे, ९ मार्च १९८७